तिसऱ्या ओळीतली सही

एक गोष्ट मी बावीस वर्षं कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही. आईला नाही — ती गेली तेव्हा उशाशी मीच होते, तरी नाही. भावाला तर मुळीच नाही. देवालाही वेगळं बसवून काही सांगितलं नाही, कारण माझी आणि त्याची तेवढी घसट नाही.

कामशेतला आमची पिठाची गिरणी आहे. सकाळी आठला मी पट्टा चढवते, संध्याकाळी सातला उतरवते. मधल्या वेळात इतका आवाज असतो की माणसाला स्वतःशीसुद्धा बोलता येत नाही. मला ते सोयीचं पडलं. मग आता का सांगते आहे? त्यालाही कारण आहे, पण ते शेवटी. कारणं आधी सांगायला लागले की मी मुद्द्यावर येतच नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

आधी आमच्या पार्टीबद्दल सांगते. तेवढा भाग तरी आनंदाने सांगता येईल.

लोणावळ्याला रेल्वेच्या कॉलनीत आम्ही राहायचो — आई, माझा भाऊ विनायक आणि मी. वडील मालगाडीवर ड्रायव्हर होते. ते अचानक गेले आणि विनूला रेल्वेत घेतलं, इंजिनावर असिस्टंट म्हणून. सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं. विनू बावीसचा, मी वीसची. घर विनूच्या नोकरीवर चालायचं. हे सांगून ठेवते, पण ही माझी सबब समजू नका.

आमचा तिसरा गडी शिवा. भाजे गावाच्या वर डोंगराच्या कुशीत ठाकरांची वाडी आहे, तिथला. चिक्कीच्या कारखान्यात मोठ्या कढईत गुळाचा पाक ढवळायचा. दंड असे झाले होते की बस्स. कारखान्यातले रिकामे पत्र्याचे डबे तो मालकाला विचारून आणायचा, पालथे मांडायचा आणि दोन लाकडी उलथन्यांनी असे बडवायचा की समोरच्या घरातलं मांजर तीन दिवस कॉलनीत दिसायचं नाही. शेजारी रुळाचा एक हातभर तुकडा टांगलेला. त्याच्यावर टोला पडला की गाणं संपलं असं समजायचं. एरवी ते कधी संपलं हे कळायला मार्ग नव्हता.

माझ्याकडे बेंजो होता — टाइपरायटरसारखी बटणं असतात, तो. मी भजनं वाजवावीत म्हणून वडिलांनी घेऊन दिलेला. बाजारातल्या लाऊडस्पीकरवाल्याने त्याच्या पोटात एक छोटा माइक चिकटवून दिला आणि त्या दिवसापासून ते वाद्य गायचं थांबलं, ओरडायला लागलं. विनूला गाता येत नव्हतं. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, सगळी कॉलनी म्हणायची. पण त्याला ओरडता यायचं, आणि ओरडताना तो इतका खूश दिसायचा की समोरचा माणूस आपोआप हसायला लागायचा.

सिनेमातली गाणी आम्हाला जमत नव्हती, म्हणून आम्ही आमचीच केली. कॉलनीतल्या नळाला पाणी येत नाही त्याचं एक. रेशनच्या रांगेत पुढे घुसणाऱ्या बाईचं एक. ती बाई आमच्याच गल्लीतली होती आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. तुंगार्लीच्या बंगलेवाल्यांचं एक — हवा खायला येतात आणि माळ्याला शिव्या घालून जातात, असं काहीतरी. सूर तीनच. तेच तीन सूर सगळ्या गाण्यांना. पहिल्यांदा कॉलनीच्या गणपतीत वाजवलं तेव्हा एक म्हातारे गार्ड कानावर हात ठेवून उठले. “ही काय पार्टी? हा नुसता खडखडाट आहे!” पुढच्या आठवड्यात विनूने पांढऱ्या रंगाने शिवाच्या मोठ्या डब्यावर लिहिलं — खडखडाट पार्टी, लोणावळा.

आम्ही चांगलं वाजवायचो का? नाही. पण लोक बोलवायचे. मळवलीच्या जत्रेत वाजवलं. तुंगार्लीच्या एका बंगल्यात वाढदिवसाला वाजवलं. तिथे विनूने मुद्दाम बंगलेवाल्यांचंच गाणं काढलं आणि मालकांनी आम्हाला केक कापायच्या आत बाहेर काढलं. मागच्या दाराने त्यांच्या स्वयंपाकिणीने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून दिली. म्हणाली, “माळ्याचं कडवं परत एकदा म्हणा, हळू आवाजात.” आम्ही घाटातल्या कठड्यावर बसून ते म्हटलं, पुऱ्या खाल्ल्या आणि इतकं हसलो की शिवाला उचकी लागली.

शिवाच्या वाडीवरही गेलो. डबे डोक्यावर घेऊन चढ चढलो. तिथे वीज नव्हती, म्हणजे माझा बेंजो मुका. वाडीतल्या बायका गोल बसल्या. दोन गाणी झाली तरी कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. मग एक म्हातारी उठली, म्हणाली, “ह्ये गानं न्हवं गं, ह्ये भांडान हाय,” आणि पदर खोचून नाचायला लागली. त्यानंतर तासभर आम्हाला वाजवणं थांबवू दिलं नाही.

पण आमचं खरं गाणं, ज्याच्यासाठी लोक थांबून राहायचे, ते कॉलचं गाणं.

कॉल म्हणजे काय ते सांगायला हवं. गाडीवर जाणाऱ्या माणसांना तेव्हा घरी फोन नव्हते. ड्यूटीच्या दोन तास आधी रेल्वेचा एक माणूस दारात यायचा — हुद्दा कॉलबॉय, वय काहीही असो. त्याच्या काखेत कॉलबुक. कुठली गाडी, किती वाजता, कुणाला बोलावलंय हे त्यात लिहिलेलं. ज्याला कॉल आला त्याने आपल्या नावापुढे सही करायची. सही झाली की कॉल पोचला. मग गाडी चुकली तर जबाबदार तो माणूस. सही नसेल तर जबाबदार कॉलबॉय. सगळ्या कॉलनीचं उठणं, जेवणं, अंघोळ, भांडणं त्या वहीवर चालायची.

आमचे कॉलबॉय होते दगडूमामा. शिवाचे वडील. पन्नाशी उलटलेली, एका पायाने जरा लंगडत. तरुणपणी रुळाच्या कामावर पाय दुखावला म्हणून त्यांना हे काम दिलं. वाडीतून रेल्वेत लागलेला पहिला माणूस. वाचता येत नव्हतं. ऑफिसातला क्लार्क नावं वाचून दाखवायचा, मामा ओळीवर बोट ठेवून ऐकायचे — पयली वळ अमका, दुसरी तमका — आणि मग एक नाव न विसरता, एक दार न चुकता फिरून यायचे. फाटकापासूनच त्यांची हाक यायची. लांबलचक, वर चढत जाणारी, शेवटी एकदम तुटणारी. विनूने तीच हाक उचलली. शिवाने लंगडत्या पायाचा ठेका उचलला — एक जड, एक हलका. स्वतःच्या बापाच्या पायाचा.

विनायक हाऽऽय का रं, विनायक?
आंगूळ ऱ्हाऊ दे, भाकर ऱ्हाऊ दे,
विंजान थांबंना, निघ की रं भाऊ!

एकदा आमच्या ओट्यावर हे गाणं जोरात चाललं होतं आणि फाटकात दगडूमामाच उभे. काखेत वही. शिवाचे हात हवेत थांबले. मी बटणांवरून बोटं उचलली. मामा विनूला म्हणाले, “आवाज लय बारीक काडतोस. माजा कॉल टेशनापत्तुर जातो.” आणि तिथेच उभं राहून त्यांनी हाक दिली. समोरच्या चाळीतून खरोखरच एक जण बनियनवर पळत बाहेर आला — “कुठली गाडी, मामा?” मामा म्हणाले, “तू जा, झोप. ह्ये श्याळा चाललीया.”

असा तो माणूस. हे सगळं मी का सांगते आहे, तुमच्या लक्षात येतंय ना? मला त्या दिवसाकडे जायचं नाही.

तो दिवस रविवार. पुण्याचे एक गृहस्थ, ज्यांचा स्वतःचा मोठा ऑर्केस्ट्रा होता, ते लोणावळ्याला आले होते. आमच्याबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं. बाजारातल्या एका हॉलमध्ये दुपारी दोनला आमचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ठरला. त्यांनी निरोपात म्हटलं होतं, बेंजो वाजवणारी मुलगी आहे म्हणे, तिला नक्की ऐकायचं आहे. माझ्या लग्नाची तेव्हा बोलणी चालली होती. आठवड्याआड कुणीतरी बघायला यायचं, मी पोह्यांच्या बशा फिरवायची. पुण्याच्या ऑर्केस्ट्रात बेंजो वाजवणारी शालन — हे मी मनात किती वेळा म्हणून पाहिलं असेल! विनूला कार्यक्रमाची हौस होती, शिवालाही होती. पण जीव अडकला होता तो माझा.

आई कर्जतला मावशीकडे गेलेली. विनू आणि शिवा सकाळपासून हॉलवर कर्णा बांधत होते. विनूची पाळी संध्याकाळनंतर होती. साडेबाराला मी साडी नेसून, वेणी घालून, बेंजो पेटीत ठेवत होते. फाटकातून हाक आली.

“विनायक हाऽऽय का रं, विनायक?”

मी दारात गेले. मामा म्हणाले, “बाय, विनूला कॉल हाय. अडीचची मालगाडी. ज्याची पाळी त्यो आजारी पडलाय.”

मी म्हटलं, विनू हॉलवर आहे.

“ठाव हाय. शिवा बी तितंच. जाऊन सांगू का?”

आता बघा. त्यांना तिथे जाऊ द्यायचं होतं. किंवा नाही म्हणायचं — घरी नाही. मग त्यांनी तसं सांगून पुढच्या माणसाला बोलावलं असतं. विनूच्या नावावर गैरहजेरी पडली असती. आधीच्या दोन होत्या, पार्टीच्याच पायी. तिसरी म्हणजे साहेबांसमोर उभं राहणं. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. पण खरं गेलं ते वेगळंच.

मी रेल्वेच्या कॉलनीत जन्मले. माझ्याइतकं कुणाला माहीत होतं की लोणावळ्याहून मालगाडी कधी वेळेवर सुटत नाही? अडीच म्हणजे चार. चार म्हणजे साडेपाच. पुढे घाट उतरायचा, त्याआधी ब्रेक तपासतात, मेलगाडीला वाट देतात, कुणाला तरी चहा प्यायचा असतो. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन मी यार्डात किती वेळा जाऊन बसले होते. म्हणून मी हिशेब केला: कार्यक्रम अडीचला संपेल. मग विनूला सांगेन. यार्ड तिथून दहा मिनिटं. तो पळत जाईल, इंजिन उभंच असेल. आणि आधी सांगितलं तर? तर तो गेला असता. लगेच. बेंजोला कोण विचारतो, कर्णा कोण बघतो, सरळ डबा भरून निघाला असता. विनू असाच होता.

“तुम्ही नका जाऊ, मामा,” मी म्हटलं, “मी तिकडेच निघालेय. मी सांगते.”

त्यांना अजून चार दारं करायची होती आणि ऊन होतं. वही माझ्या हातात द्यायला नको होती, नियम तसा नव्हता. पण कॉलनीत सगळ्या घरी बायका सह्या करायच्या. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मी विनूच्या नावापुढे सही केली. वही परत देताना ते म्हणाले, “आज जोरात वाजीव, बाय. मी यार्डातनं ऐकतो.”

आम्ही वाजवलं. त्या दिवसासारखं आम्ही आधी कधी वाजवलं नव्हतं. हॉल भरलेला, दारात लोक. पुण्याचे गृहस्थ पहिल्या रांगेत, आधी हाताची घडी, मग हात गुडघ्यावर, मग बोटं ठेका धरायला लागलेली. मी घड्याळ बघत होते. अडीचला पाच कमी असताना विनूने कॉलचं गाणं काढलं.

आणि यार्डातून भोंगा आला.

लोणावळ्यात भोंगे चोवीस तास वाजतात. कुणाचं लक्ष जात नाही. पण मी ड्रायव्हरची मुलगी. गाडी सुटतानाचा भोंगा वेगळा, आणि माणसासाठी वाजवतात तो वेगळा — थांबून, परत, थांबून, परत. इंजिन असिस्टंटला हाका मारत होतं. त्या दिवशी मालगाडी वेळेवर तयार होती.

विनूने तो भोंगा ऐकला. आणि त्याने काय केलं? त्याने तो गाण्यात घेतला. भोंगा वाजला की छातीवर हात मारून ओरडायचा, “आलो रे बाबा, आलो!” पुन्हा भोंगा. “आलो, आलो! भाकर खातो नि आलो!” लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचेच बाकी राहिले होते. शिवाने लंगडा ठेका वाढवत नेला. भोंगा, विनू, डबे. माझा भाऊ स्टेजवर उभा राहून स्वतःच्या कॉलला उत्तर देत होता आणि ते त्याला माहीत नव्हतं. त्या हॉलमध्ये ते मला एकटीला माहीत होतं. मी थांबले का? नाही. मी एकही बटण चुकले नाही. खरं सांगायचं तर त्या गाण्यात मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवलं.

टाळ्या संपायच्या आत यार्डातला एक जण धापा टाकत आला. “विनायक, अरे कुठे आहेस तू? गाडी तुझ्यासाठी उभी आहे, मागे मेल अडकलीय!” विनूचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, “मला कॉलच नाही आला.” खरंच बोलत होता. आणि मग भीतीने म्हणा, रागाने म्हणा, तो शिवाकडे वळून म्हणाला, “तुझा बाप झोपला असेल कुठल्या तरी झाडाखाली.”

शिवाने उलथनी खाली ठेवली. “माजा बाप झोपत न्हाई. पंचवीस वर्सं झाली, येक कॉल चुकला न्हाई त्याचा. पुन्यांदा बोलू नगंस.”

मी तिथे होते. दोन हातांवर. बेंजोची वायर गुंडाळत होते. तेव्हा तोंड उघडलं असतं तर? एक वाक्य लागलं असतं. मी वायर नीट गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली.

चार दिवसांनी चौकशी झाली. गाडी पाऊण तास अडकली होती, मेल मागे मळवलीला थांबली होती, चौकशी होणारच. साहेबांच्या टेबलावर कॉलबुक उघडं. तिसऱ्या ओळीत सही होती, पण ती विनूची नव्हती. विनूने शपथेवर तसं सांगितलं आणि तेही खरंच होतं. मग ती कुणाची? कॉल न देताच दगडूमामांनी कुणाकडून तरी रेघोटी मारून घेतली, असा सरळ अर्थ निघत होता. मामा म्हणाले, “न्हाई साहेब, दिला. दारात दिला, घरच्यांच्या हातात.” घरात त्या दिवशी मी एकटीच होते, म्हणून मला बोलावलेलं होतं. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. मामा उभे होते.

“रविवारी दुपारी कॉलबॉय तुमच्या दारात आला होता?”

मी म्हणाले, “नाही.”

एवढंच. एक शब्द. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला आज हे लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त पाहिलं — कुणाच्या तरी दारात कॉल द्यायला जावं आणि आत आजारी माणूस दिसावा, तसं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, “मंग न्हाई गेलो आसंन, साहेब. वय झालं. दुसऱ्याच दारात गेलो आसंन.”

“आणि ही सही?”

“मला कुटं वाचाया येतंय, साहेब.”

विनूचं नाव साफ झालं. मामांच्या हातातून वही काढून घेतली. त्यांना प्लॅटफॉर्मवर पाण्याचे माठ भरायला लावलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तेच करत राहिले.

त्या संध्याकाळी शिवा आमच्या घरी आला. मला वाटलं, आता हा मला विचारणार. तो विनूसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “चुकलं माजं. तू खरं बोललास. बाप आज सोताच कबूल झाला.” मग माझ्याकडे बघून, “तुला बी ताप झाला, शालन. माफ कर.” विनूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी चहा टाकला. शिवा गोड चहा प्यायचा, म्हणून साखर जास्त घातली. असं का लक्षात राहतं?

दुसऱ्या दिवशी त्याने सगळे डबे धुऊन कारखान्यात परत नेऊन दिले. नाव लिहिलेला डबासुद्धा. विनू दोनदा बोलवायला गेला. शिवा म्हणाला, त्यो ठेका आता हातातनं निघत न्हाई. कॉलच्या गाण्याशिवाय पार्टीला अर्थ नव्हता, आणि ते गाणं आता कोण म्हणणार होतं? दोन महिन्यांनी पुण्याहून पत्र आलं, तिघांनी येऊन भेटावं म्हणून. ते मी विनूला दाखवलं नाही. खडखडाट पार्टी सगळी मिळून दीड वर्ष चालली.

त्या वर्षीच माझं लग्न ठरलं. मांडव कॉलनीत होता. निघायची वेळ झाली, मी आईच्या गळ्यात पडून उठतच नव्हते, आणि मांडवाच्या बाहेरून हाक आली — लांब, चढत जाणारी. “शालन हाऽऽय का गं, शालन? गाडी थांबंना, निघ की गं बाय!” सगळा मांडव हसला. आई रडता रडता हसली. मी बाहेर आले तर दगडूमामा फाटकाशी, हातात वरईची पिशवी. माझ्याकडे देऊन म्हणाले, “बरी ऱ्हा.” वही गेल्यानंतर त्यांनी दिलेली ती एकच हाक, असं विनू म्हणतो.

एक गोष्ट राहिली. ती मी वर सांगितली नाही, टाळली. मी म्हटलं, विनूच्या नावापुढे सही केली. विनूची सही मला हुबेहूब करता यायची. शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर आम्ही एकमेकांसाठी वडिलांची सहीसुद्धा करायचो. त्या दिवशी मी ती केली नाही. वि काढला आणि पुढे वाकडीतिकडी रेघ ओढली — विनूची नाही, कुणाचीच नाही अशी. का? कारण खरी वाटेल अशी सही केली आणि हिशेब चुकला, तर विनू अडकेल. खोटी दिसेल अशी केली, तर दुसरा कुणीतरी अडकेल. हे मला पेन हातात असतानाच कळत होतं. दारात तो दुसरा कुणीतरी लंगडा पाय मोकळा करत उभा होता. तेव्हा पोरबुद्धी, घाई, भीती असलं काही मी म्हणू शकत नाही. मी निवडलं.

दगडूमामा गेल्या श्रावणात गेले. शिवा आता भाज्याला शेती करतो. नाचणी दळायला माझ्याकडेच येतो, वाटेत दुसरी गिरणी आहे तरी. दळण होईपर्यंत डब्यावर बोटं वाजवत बसतो. मी त्याच्याकडे पाठ करून पीठ बारीक करायचा खुंट फिरवते. मागच्या महिन्यात वीज गेली, पट्टा थांबला, आणि त्या शांततेत तो सहज बोलला. शेवटचे आठ दिवस मामा बडबडायचे म्हणे. पडल्या पडल्या कॉलनीतलं एकेक दार घेऊन कॉल द्यायचे, ओळीने. “आन तुमचं दार आलं की गप ऱ्हायचा. मंग फुडलं दार. तितंच चुकलं हुतं न्हव त्याचं. लय लागलं असणार.” मग म्हणाला, “तीन वर्सं बोललो न्हवतो मी त्याच्याशी त्या पायी. येका घरात ऱ्हाऊन.”

वीज आली. मी त्याचं पीठ काढून दिलं.

शिवा सातवी शिकला आहे. छापलेलं वाचतो. हे तो वाचेल, विनूही वाचेल. तिसरी ओळ मी आता नीट भरून देते.

गाडी: अडीचची मालगाडी. नाव: विनायक, असिस्टंट. कॉल दिला: दगडू, कॉलबॉय. वेळ: दुपारी साडेबारा, दारात येऊन. कॉल घेणाऱ्याची सही: शालन.